तुटले काय, ते आधी विचारा

शस्त्रांविषयी आपण कॅडेट जे पाठ करतो, त्यात एक मोठी गोष्ट राहून जाते. नाव, कॅलिबर, वजन, पल्ला, मॅगझिनमध्ये गोळ्या किती, हे सगळे आपल्याला पाढ्यांसारखे येते. हाउसच्या प्रश्नमंजूषेत शस्त्रांची फेरी आली की प्रश्न संपायच्या आत उत्तर येते. पण ‘हे शस्त्र पहिल्यांदा बनले तेव्हा त्यातले काय तुटत होते, आणि पुढच्या आवृत्तीत ते कसे थांबवले?’ असा प्रश्न मी आजवर एकाही फेरीत ऐकलेला नाही. माझे मत असे आहे की हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. शस्त्र किती जोरात मारते हे जाहिरातसुद्धा सांगते. ते किती वर्षे मारत राहील, हे त्याच्या दुरुस्त्यांचा इतिहास वाचणाऱ्यालाच कळते.

हे मत पटवण्यासाठी मी मुद्दाम एक जुने हत्यार घेतो : मोठ्या कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर. आज आपल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ९ मिलिमीटरचे पिस्तूल असते, रिव्हॉल्व्हर बहुधा संग्रहालयाच्या काचेमागे भेटते. अभ्यासाला ते म्हणूनच सोयीचे आहे. त्यात आता गुप्त असे काही उरलेले नाही. त्याच्या सुधारणांची सगळी हकीकत मार्कच्या आकड्यांच्या रूपाने त्याच्याच अंगावर ठोकलेली असते. वाचता आली पाहिजे, एवढेच.

धक्का कुठे बसतो?

न्यूटनचा तिसरा नियम आपण नववीत शिकलो. गोळी पुढे जाते तेवढाच धक्का मागे येतो. रायफलमध्ये तो लाकडातून खांद्यात जातो. रिव्हॉल्व्हर छोटे, त्यात सहा गोळ्यांचा सिलिंडर फिरता, म्हणजे सुटे भाग जास्त. धक्का आणि गरम वायू यांचा मारा मुख्यतः चार जागी बसतो.

पहिली जागा सिलिंडरच्या मागची भिंत. गोळी सुटताना काडतुसाचे बूड या भिंतीवर आपटते. दुसरी जागा सिलिंडर ज्यावर फिरतो ती आस. ती झिजली की सिलिंडर मागे-पुढे हलू लागतो. तिसरी जागा सिलिंडरच्या अंगावरच्या खाचा आणि त्या खाचेत बसणारी खिट्टी. गोळीचे घर बॅरलच्या अगदी समोर थांबवायचे काम ही खिट्टी करते. ती सैल झाली तर गोळी बॅरलच्या तोंडाला तिरकी लागते. चौथी जागा सिलिंडर आणि बॅरल यांच्यामधली बारीक फट. तिथून गरम वायू बाहेर फुटतो आणि समोरची धातू हळूहळू खातो.

आता जोराचा हिशोब करू. ब्रिटिश सैन्याच्या ०.४५५ इंची रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे १७ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला साधारण १८० मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र लावले तर उत्तर २८० ज्यूलच्या आसपास येते. अमेरिकेतील ०.४४ मॅग्नम या काडतुसाची नेहमीची गोळी सुमारे १५.५ ग्रॅमची, म्हणजे थोडी हलकीच. पण वेग सेकंदाला सव्वाचारशे मीटरच्या घरात, आणि ऊर्जा सुमारे १४०० ज्यूल. गोळी हलकी असूनही ऊर्जा पाचपट, कारण सूत्रात वेगाचा वर्ग येतो. वरच्या चार जागांना हा हिशोब रोज चुकता करावा लागतो. मोठ्या कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये टिकाऊपणाची सुधारणा शोधायची असेल तर याच चार जागी पाहायचे. पॉलिश, मुठीचे लाकूड, नावाची नक्षी हे सगळे नंतर.

वेब्लीचे सहा मार्क

बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे मार्क १ हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारले. ते वरून खटका दाबून मधोमध मोडल्यासारखे उघडते आणि सहाही टरफले एकदम बाहेर पडतात. घाईत पुन्हा भरायला ही रचना फार सोयीची होती. पण मागच्या भिंतीचे दुखणे होतेच. १८९५ मध्ये मंजूर झालेल्या मार्क २ मध्ये त्या भिंतीवर कठीण पोलादाची ढाल बसवली. हॅमर आणि मुठीचा आकारही बदलला. मुठीचा बदल हाताला जाणवतो, म्हणून लोक तो आधी सांगतात. टिकाऊपणाच्या दृष्टीने खरी गोष्ट ती छोटी ढाल आहे. जुनी मार्क १ हत्यारेही कारखान्यात आणून तशीच सुधारली गेली आणि त्यांच्या आकड्यापुढे एक तारा ठोकला गेला. म्हणजे तो तारा हे शोभेचे चिन्ह नाही. ‘याचे दुखणे ओळखले आणि उपचार केला’ अशी ती नोंद आहे.

१८९७ च्या मार्क ३ मध्ये सिलिंडर जागेवर धरणाऱ्या भागांत बदल झाले. १८९९ चा मार्क ४ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले, म्हणून त्याला बोअर युद्धाचे मॉडेल असेही म्हणतात. बाहेरून पाहिले तर तो मागच्या मार्कसारखाच दिसतो. फरक पोलादात आहे. आधीपेक्षा चांगल्या प्रतीचे पोलाद वापरले, झिजणारे भाग वरून कठीण केले आणि सिलिंडरची आस बॅरलचाच पक्का भाग बनवली. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा धार कठीण होते आणि बाकीचे पाते चिवट राहते. इथेही धोरण तेच : वरून कठीण, आतून चिवट. सगळाच भाग कठीण केला तर तो काचेसारखा तडकेल. सगळाच मऊ ठेवला तर झिजून जाईल.

डिसेंबर १९१३ मध्ये मंजूर झालेल्या मार्क ५ चा सिलिंडर ०.१२ इंचाने, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटरने जाड झाला. कारण काडतुसातली दारू बदलली होती. काळ्या दारूच्या जागी नायट्रोसेल्युलोजची, धूर न करणारी दारू आली होती. तिच्या दाबासाठी सिलिंडरच्या भिंती जाड करणे गरजेचे होते. ३ मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीवरच्या तीन बारीक रेघा. पण काडतूस फुटताना हात आणि चेहरा शाबूत राहतो तो या तीन रेघांच्या बळावर.

मे १९१५ चा मार्क ६ सर्वांत प्रसिद्ध. पहिल्या महायुद्धाच्या चित्रांत दिसतो तो हाच. त्याचे बॅरल ६ इंचांचे, मूठ चौकोनी, पुढची माशी काढता येणारी. हे सगळे बदल चांगलेच आहेत, पण ते नेम धरण्याच्या सोयीचे आहेत. धातू टिकवण्याचे मुख्य काम ४ आणि ५ या मार्कांनी आधीच केले होते. प्रसिद्धी सहाव्याला मिळाली. मला वाटते, शाळेतसुद्धा असे होते. ट्रॉफी उचलतो एक आणि मैदान तयार केलेले असते दुसऱ्यानेच.

या आकड्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारेल. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहावी पुणे डिव्हिजन लढत होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कुत-अल-अमारा इथे वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे तिला शरणागती पत्करावी लागली. त्या काळी अधिकाऱ्यांचे कमरेचे हत्यार म्हणजे ०.४५५ चे रिव्हॉल्व्हर. वेढ्याच्या आत ना बर्मिंगहॅमचा कारखाना होता, ना सुट्या भागांचे भांडार. पूर, चिखल आणि धूळ मात्र भरपूर. अशा ठिकाणी हत्यार किती लांब मारते यापेक्षा ते उद्या सकाळी चालेल का, हा प्रश्न मोठा असतो. त्याचे उत्तर वीस वर्षे आधी कोणीतरी लिहिलेल्या तक्रारीत आणि त्या तक्रारीवर झालेल्या कामात दडलेले असते.

आकडा वाढला म्हणजे हत्यार सुधारले?

इथे आपल्यापैकी अनेकांचा एक समज मला खोडायचा आहे : पुढचा आकडा म्हणजे पुढची सुधारणा. नेहमी तसे नसते.

दोन महायुद्धांच्या मध्ये ब्रिटिश सैन्याने ०.४५५ सोडून ०.३८ इंची एनफिल्ड नंबर २ हे रिव्हॉल्व्हर घेतले. छोटे कॅलिबर, कमी धक्का, शिकवायला सोपे. १९३८ मध्ये त्याचा एक तारा असलेला प्रकार आला. त्यात हॅमरचे शेपूट काढून टाकले, कारण रणगाड्याच्या अरुंद जागेत ते कशाततरी अडकायचे. हा विचार वापरणाऱ्याच्या अडचणीतून आला होता. पण १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत दोन तारे असलेला प्रकार निघाला. उत्पादन वाढावे म्हणून त्यातून हॅमर अडवणारा सुरक्षेचा भागच वगळला. परिणाम असा की हत्यार हातातून पडले तर गोळी सुटण्याची भीती. हा प्रकार लवकरच बंद करावा लागला आणि नंतर ती रिव्हॉल्व्हरे परत बोलावून त्यांत तो भाग पुन्हा बसवला गेला. तारे दोन, पण सुरक्षितता एका ताऱ्यापेक्षा कमी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीचे मॉडेल २९ हे याचे दुसरे उदाहरण. ०.४४ मॅग्नम काडतुसासाठी बनलेले हे रिव्हॉल्व्हर १९५५ च्या अखेरीस आले आणि १९५७ मध्ये त्याला २९ हा क्रमांक मिळाला. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने ते जगभर गाजवले. चित्रपटात त्याची ताकद दिसली, पण ती ताकद पेलताना हत्याराचे काय होते ते दिसले नाही. ते वाचायचे तर सिलिंडर बाजूला उघडून फ्रेमच्या आत ठोकलेला आकडा पाहावा लागतो : २९-१, २९-२, २९-३ असा.

१९६० च्या २९-१ मध्ये टरफले ढकलणाऱ्या दांडीचे आटे उलटे केले. आधीचे आटे सिलिंडर फिरता फिरता सैल व्हायचे आणि दांडी बाहेर येऊन सिलिंडर अडकायचा. आटे डावे केल्यावर तेच फिरणे दांडी घट्ट करू लागले. आपल्या सायकलचे डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, ते का, हे ज्याने सायकल खोलली आहे त्याला लगेच समजेल. भाग तोच, धातू तोच, फक्त आट्यांची दिशा बदलली. टिकाऊपणा वाढवायला दर वेळी जास्त लोखंड लागत नाही.

१९८२ च्या २९-३ मध्ये मात्र उलट दिशेचे पाऊल दिसते. बॅरलला आडवी घातलेली पिन आणि काडतुसाचे बूड आत बसवणारी सिलिंडरची खोबण काढून टाकली. त्यामुळे कारखान्याचे काम आणि खर्च वाचला. त्यात गैर काही नाही, पण आकडा वाढला म्हणून हत्यार जास्त टिकाऊ झाले, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नव्हे. त्याच सुमारास हे रिव्हॉल्व्हर धातूच्या लांबवरच्या आकृत्या पाडण्याच्या स्पर्धांत जोरदार काडतुसांसह, शेकडो नव्हे तर हजारो फैरींसाठी वापरले जात होते. तेव्हा दुखणे उघडे पडले. धक्क्याने खिट्टी खाचेतून उसळायची आणि सिलिंडर जागचा सरकायचा. मग १९८८ च्या २९-४ मध्ये सिलिंडर धरून ठेवणारी जोडणी मजबूत केली आणि १९९० च्या २९-५ मध्ये सिलिंडरवरच्या खाचाच लांब केल्या. दोन्ही बदल आपल्या चार जागांपैकी आहेत, म्हणून ते खरे.

ओळखण्याच्या तीन कसोट्या

एवढ्यावरून मी तीन कसोट्या काढल्या आहेत. त्या कोणत्याही यंत्राला लागू पडाव्यात असे मला वाटते.

पहिली कसोटी : बदल झिजण्याच्या जागी आहे का? भिंत, आस, खाच, फट. तिथे बदल असेल तर तो टिकाऊपणाचा असण्याची शक्यता मोठी. मुठीवर किंवा रंगावर असेल तर तो सोयीचा किंवा दिखाव्याचा.

दुसरी कसोटी : बदल कोणाच्या अडचणीतून आला? वापरणाऱ्याच्या, कारखान्याच्या की विकणाऱ्याच्या? तिघांच्याही अडचणी खऱ्या असतात, पण टिकाऊपणा बहुतेक वेळा पहिल्याच्या अडचणीतून येतो.

तिसरी कसोटी : सगळ्या भागांवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का? जुन्या वेब्लींच्या दुरुस्तीत एका मार्कच्या फ्रेमवर दुसऱ्या मार्कचे भाग बसवले जात. अशा वेळी एकच शिक्का वाचून निकाल देणारा फसतो. हत्यार तेवढेच मजबूत असते, जेवढा त्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत झिजलेला भाग.

यासाठी कोणतेही हत्यार हातात घ्यायची गरज नाही, हे मला पालकांना आवर्जून सांगायचे आहे. आकृती, छायाचित्र आणि संग्रहालयाची काच पुरेशी आहे. शस्त्राकडे असे पाहायला शिकलेल्या मुलाला त्याचा रुबाब कमी आणि जबाबदारी जास्त दिसते, असा माझा अनुभव आहे. चित्रपटातले रिव्हॉल्व्हर पाहून ‘काय आवाज!’ म्हणणारा मुलगा खाचा आणि आटे पाहू लागला की त्याचा आवाज थोडा खाली येतो.

भिलाईचा रूळ हेच सांगतो

माझे घर भिलाईत आहे. आमच्याकडे रिव्हॉल्व्हर बनत नाही, रूळ बनतात. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. आज तिथे १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ तयार होतो आणि दोन जोडून २६० मीटरचा तुकडा रेल्वेला पाठवला जातो.

रिव्हॉल्व्हरसारखाच रूळही स्वतःची ओळख अंगावर वागवतो. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर उठावाची अक्षरे असतात : छेद कोणता, पोलादाची प्रत कोणती, कोणी बनवला, कोणत्या महिन्यात आणि वर्षी. शिवाय पोलादाच्या ज्या घाणीतून तो रूळ निघाला तिचा हीट नंबरही ठोकलेला असतो. कुठे दूर रुळाला तडा गेला, तर त्या आकड्यावरून थेट भिलाईतल्या त्या दिवसाच्या भट्टीपर्यंत माग काढता येतो. (ही अक्षरे फलाटावर उभे राहूनच वाचावीत, रुळावर उतरू नये.)

आणि इथेही आकडे फसवतात. जुन्या रुळांना ७२ यूटीएस म्हणत, नंतर ९० यूटीएस आले, मग ८८० आले. ऐकणाऱ्याला वाटेल, ९० वरून ८८० म्हणजे जवळजवळ दसपट मजबूत! प्रत्यक्षात ९० आणि ८८० ही एकच प्रत आहे. ९० हा आकडा दर चौरस मिलिमीटरला किलोग्रॅममध्ये आहे आणि ८८० हा मेगापास्कलमध्ये. ९० ला ९.८ ने गुणा, उत्तर मिळेल. त्यानंतरच्या रुळाला आर २६० म्हणतात. आता वाटेल, ८८० वरून २६० म्हणजे घसरला! पण २६० हा ताणाचा नसून कठीणपणाचा आकडा आहे. एकक न विचारता आकड्यांची तुलना करणारा ७२, ९०, ८८०, २६० या चारही पायऱ्यांवर घसरेल. ७२ वरून ९० ही खरी सुधारणा. ९० वरून ८८० ही फक्त भाषेची अदलाबदल.

रुळाच्या काही सुधारणा तर कोणत्याच अक्षरात दिसत नाहीत. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन राहिला तर थंड होताना आत केसासारखे तडे पडतात. म्हणून निर्वात करून तो वायू काढून घेतला जातो. बाहेरून रूळ तोच. पण त्यावरून रात्री जाणाऱ्या गाडीत झोपलेल्या माणसांसाठी फरक जीवनमरणाचा. मार्क ४ च्या पोलादासारखेच हे.

कुरकुर आणि नोंद

आता माझा मुख्य मुद्दा. वर सांगितलेली प्रत्येक खरी सुधारणा एका तक्रारीपासून सुरू झाली. कोणीतरी वरिष्ठांना सांगितले असणार की भिंत झिजते आहे, दांडी सैल होते आहे, खिट्टी उसळते आहे. ते सांगणारा गप्प राहिला असता तर मार्कचा आकडा पुढे सरकला नसता.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. इन्सास रायफल सैन्यात नवी असतानाच १९९९ चे कारगिल युद्ध झाले. त्या थंडीत तिच्या प्लास्टिक मॅगझिनला तडे जाण्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि त्यांची देशभर चर्चा झाली. ती तक्रार करणारा जवान कुरकुऱ्या होता का? तो शिखरावर होता, शत्रू समोर होता, आणि जे तुटले ते तुटले असे तो म्हणाला. त्याच्या पुढच्या तुकडीसाठी ती सर्वांत मोलाची माहिती होती.

आपल्याकडे निवासी शाळांत मात्र एक समज घट्ट बसलेला असतो. तुटलेल्या गोष्टीबद्दल बोलणारा कॅडेट नाजूक, आणि तुटके वापरून घेणारा कॅडेट कणखर. पलंगाची पट्टी निखळली, बुटाचा तळ सुटला, ड्रिलच्या रायफलचा पट्टा फाटला, तरी ‘चालवून घे’ हा सल्ला पहिला. मी या समजाच्या विरुद्ध आहे. थंड पाणी, लवकर उठणे, लांब धावणे याबद्दलची तक्रार ही कुरकुर. ती करू नये, हे मला मान्य आहे. पण वस्तू कुठे, कशी आणि कितव्या वापरानंतर तुटली हे सांगणे ही नोंद. कुरकुर स्वतःसाठी असते, नोंद पुढच्या माणसासाठी. शिस्तीने कुरकुर थांबवावी, पण नोंदही थांबली तर ती शिस्त महाग पडते.

यावर आपले काही उस्ताद म्हणतील की कॅडेटने आधी आज्ञा पाळायला शिकावे, दोष काढायला नंतर. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परेडच्या मधोमध कोणी हात वर करून बुटाची चर्चा करू नये. पण नोंद करणे हीसुद्धा आज्ञा होऊ शकते. ती आज्ञा दिली गेली तर आम्ही ती पाळू, आणि नीट पाळू. काही मित्र म्हणतील, रिव्हॉल्व्हर जुने झाले, आता ड्रोनचा काळ आहे. बरोबर. पण ड्रोनलाही आस असते, आटे असतात, थंडीत तडकणारे प्लास्टिक असते. हत्यार बदलले तरी झिजण्याचे नियम बदललेले नाहीत.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, कोतमध्ये एक वही ठेवावी. सरावाच्या .२२ रायफली असोत की ड्रिलच्या, प्रत्येकीच्या नंबरपुढे चार रकाने : तारीख, काय झिजले किंवा तुटले, कोणाच्या लक्षात आले, काय केले. कॅडेटने सांगावे, कोत एनसीओंनी तपासून लिहावे. वर्षाअखेर ती वही वाचली तर कोणता भाग पुन्हा पुन्हा जातो, ते आकड्यांतच दिसेल. दुसरी, शस्त्रांच्या प्रश्नमंजूषेत निम्मे प्रश्न दुरुस्त्यांवर असावेत. ‘वेब्ली मार्क ६ चे बॅरल किती इंचांचे?’ याबरोबर ‘मार्क ५ चा सिलिंडर जाड का केला?’ हेही विचारावे. पहिल्याला स्मरणशक्ती लागते, दुसऱ्याला समज.

आपल्यातले काही जण उद्या सैन्यात जातील, काही रेल्वेत, काही भिलाईच्याच कारखान्यात. तिथे आपल्या हातात जे असेल, त्यावर आपल्यापेक्षा लहान कोणाचा तरी जीव टांगलेला असेल. त्याला आपले नाव माहीत असण्याची गरज नाही. वेब्लीच्या झिजलेल्या भिंतीची पहिली तक्रार कोणी केली, हे इतिहासाच्या पुस्तकात नाही. आहे तो फक्त आकड्यापुढचा एक छोटा तारा. मला विचाराल, तर खांद्यावरच्या ताऱ्याइतकाच तोही मानाचा आहे.